फुटपाथवरच्या माणसाला गाडीत घातलं की फुटपाथ मोकळा होतो का?

सातारकर_मुंबईत (धागाकर्ती)

मंडळी, आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार दिवस धुमश्चक्री चालू आहे. विषय आहे गल्लीच्या तोंडाशी उड्डाणपुलाखाली झोपणारी माणसं. अकरा-बारा असतील. पोलिसांना पत्र द्यायचं, गाडी येईल, सगळ्यांना उचलेल, प्रश्न मिटला, असा ठराव आला आहे. रविवारी सभा. मी एकटी 'नको' म्हणाले तर 'मग तुमच्या घरी न्या' असं उत्तर आलं. (हे वाक्य प्रत्येक ग्रुपात कुणीतरी राखून ठेवलेलं असतं बहुतेक.)

माझ्या 'नको'ला कारण आहे. त्या अकरा-बारांत एक भाऊ आहेत. सगळी गल्ली त्यांना भाऊच म्हणते. साठीच्या आतबाहेर वय, मूळचे जालना जिल्ह्यातले. पूर्वी ते लग्नाच्या हॉलांवर वाढपी म्हणून जायचे. केटररचा माणूस संध्याकाळी नाक्यावर येऊन दहा-बारा जणांना टेम्पोत घालून न्यायचा, रात्री एक-दीडला परत. कामाचा पांढरा शर्ट आणि काळी पँट ते इस्त्रीवाल्याकडे ठेवत, कारण पुलाखाली कपडे टिकत नाहीत. माणूस कमावता होता, फक्त डोक्यावर छप्पर नव्हतं.

मग कुणीतरी मोठे पाहुणे येणार होते, त्याआधी एका पहाटे गाडी आली. भाऊ कामावरून येऊन नुकतेच आडवे झाले होते. अंगात बनियन, दाढी वाढलेली. काय करतोस? वाढपी. पुरावा दाखव. वाढप्याला कुणी नेमणूकपत्र देतं का? भिक्षेकरी म्हणून कोर्टात, तिथून भिक्षेकरी गृहात. नऊ महिन्यांनी परत आले तेव्हा बोचकं कधीच कचऱ्याच्या गाडीत गेलं होतं. त्यात आधार कार्ड, पासबुक आणि केटररचा नंबर असलेला मोबाइल. नाक्यावर येणारा माणूसही तोवर बदलला होता. आता भाऊ खरोखरच सिग्नलला हात पसरतात. मी दिसले की मान वळवतात.

उचललं तेव्हा ते भिकारी नव्हते, सोडलं तेव्हा झाले. म्हणून विचारते, अटकेने बेघरपणा कमी झाल्याचं कुणी कुठे पाहिलंय का?

किराणा_भुसार

ताई, मी दादरला दुकान चालवतो, वडिलांपासूनचं आहे. तुमच्या भाऊंबद्दल वाईट वाटलं, खोटं सांगत नाही. पण दुसरी बाजूही ऐका. सकाळी शटर वर करायला आलो की आधी फिनाईलची बाटली काढावी लागते. पायरीवर रोज काय असतं ते जेवताना वाचणारे असतील म्हणून लिहीत नाही. सोल्युशन ओढणारी पोरं, बटणवाले (बटण म्हणजे नशेची गोळी), रात्री दोन वाजता एकमेकांची डोकी फोडणारे. माझी मुलगी क्लासवरून साडेनऊला येते, तेवढ्यासाठी मी रोज दुकान माणसावर सोडून कोपऱ्यावर उभा राहतो.

गाडी येऊन गेली की दोन महिने बरे जातात. कायमचं सुटत नाही, मान्य. पण दोन महिने तर दोन महिने. आम्ही टॅक्स भरतो, फुटपाथ आमच्यासाठीही आहे. ज्यांच्या पायरीवर कुणी झोपत नाही त्यांना माणुसकी स्वस्त पडते.

पावसाळी_बेडूक

किराणा यांच्या शेवटच्या वाक्याला +१. बाकी धाग्याला नाही.

काळा_कोट

या कायद्याखालच्या केसेस मी काही वर्षं चालवल्या आहेत, म्हणून थोडं तपशिलात लिहिते.

फुटपाथवर झोपणं हा गुन्हा आहे असं कुठल्याही कायद्यात सरळ लिहिलेलं नाही. वापरला जातो तो मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियम, १९५९. यात 'भीक मागणे' याची व्याख्या एवढी ऐसपैस आहे की उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि माणूस सार्वजनिक जागी अशा अवस्थेत फिरतोय किंवा थांबलाय की तो भिकेवरच जगत असावा असं वाटतं, एवढंही पुरतं. त्याने हात पसरलेला असण्याची गरज नाही. बेघर माणूस या जाळ्यात सापडतो तो इथे. भाऊंचा बनियन आणि दाढी, हाच पुरावा.

पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात. परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) चौकशी करून अहवाल देतो, दंडाधिकारी तो बघतात. भिक्षेकरी ठरलात तर पहिल्या खेपेला एक ते तीन वर्षं प्रमाणित संस्थेत, म्हणजे भिक्षेकरी गृहात. समज देऊन हमीपत्रावर सोडायची सोय आहे, पण हमी देणार कोण? ज्याला हमीदार असतो तो सहसा पुलाखाली झोपत नाही. आधी दोनदा पाठवलेला माणूस पुन्हा सापडला तर दहा वर्षं. हो, दहा. सदोष मनुष्यवधाच्या एका कलमाला तेवढी आहे. त्याच्यावर पूर्णपणे अवलंबून असलेल्यांनाही आत पाठवण्याची तरतूद आहे.

आणि गंमत बघा, गाणं, नाच, भविष्य सांगणं, कसरत किंवा एखादी वस्तू विकण्याचं निमित्त करून पैसे मागणं हेही त्याच व्याख्येत बसवलंय. म्हणजे वासुदेव, पोतराज, कुडमुडे जोशी, नंदीबैलवाला, डोंबारी, सगळे कागदावर गुन्हेगार. पहाटे वासुदेव दारात आला की आपण सुपात तांदूळ घेऊन धावतो, आणि तोच वासुदेव दादर स्टेशनबाहेर बसला की भिक्षेकरी.

जुना_खोडकर

माधुकरी मागून शिकलेल्या पिढ्यांचं काय? १९५९ च्या आधी सुटले म्हणायचे. आमच्या आजोबांनी सदाशिव पेठेत सात घरं फिरून मॅट्रिक केलं. तेव्हा झोळी घेतलेल्या पोराला लोक 'होतकरू' म्हणत. पोरगं कुणाचं यावर बरंच अवलंबून होतं म्हणा.

काळा_कोट

खोडकर, तुम्ही सहज लिहिलंत पण गाभ्याला हात घातलात. इंग्लंडमध्ये १८२४ चा भटकेपणाविरुद्धचा कायदा, आपल्याकडे १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा. एका जागी न राहणारा माणूस म्हणजे संशयित, ही समजूत तिथून आलेली. गुन्हेगार जमातींचा कायदा स्वातंत्र्यानंतर गेला, ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या जमाती विमुक्त झाल्या. सात वर्षांत भीक प्रतिबंधक कायदा हजर. आजही सिग्नलवर उचललेल्यांत पारधी, मसणजोगी, डोंबारी किती दिसतात ते कोर्टाच्या बाकावर बसून पाहा.

दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ ला याच कायद्याची, म्हणजे दिल्लीला लागू केलेल्या या मुंबईच्या कायद्याची, भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. पुढच्या वर्षी जम्मू-काश्मीरच्या उच्च न्यायालयाने तिथला तसाच कायदा काढला. ज्याचा जन्म मुंबईचा, तो मुंबईत मात्र शाबूत आहे.

हवालदार_रिटायर्ड

नमस्कार. ३३ वर्षं नोकरी केली, शेवटची काही मुंबईत. ठाण्याचं नाव लिहीत नाही.

वरून फोन यायचा, अमुक रस्ता परवापर्यंत साफ पाहिजे. साफ म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक. आता कायदेशीर पद्धत वकीलबाईंनी सांगितली, ती लांबलचक. पंचनामा, मेडिकल, कोर्ट, मग पोचवायला माणूस द्यायचा. एका भिकाऱ्यामागे एका शिपायाचा दिवस जातो. म्हणून दुसरी पद्धत होती. व्हॅनमध्ये घालायचे आणि हद्दीच्या बाहेर, नाक्यापलीकडे उतरवून द्यायचे. आमची हद्द साफ. आठ दिवसांनी पलीकडच्या ठाण्याला तसाच फोन आला की ते आमच्या हद्दीत आणून सोडणार. एक पांगळा म्हातारा होता, त्याला मी स्वतः एका वर्षात तीनदा सोडून आलो. तिसऱ्यांदा तो म्हणाला, साहेब, पुढच्या वेळी जरा स्टेशनजवळ उतरवा, चालवत नाही.

हसू नका, तेव्हा मी पण हसलो होतो.

किराणावाल्यांना सांगतो, तुमचे बटणवाले गाडीत सापडायचे नाहीत. ते पळतात, त्यांना गाडीचा टाइम माहीत असतो. सापडतो तो म्हातारा, आजारी, दारू पिऊन पडलेला किंवा कामावरून येऊन मेल्यासारखा झोपलेला. भाऊंसारखा.

किराणा_भुसार

हवालदारसाहेब, हे मात्र खरं. गेल्या खेपेला आमच्याइथून ज्या आजीला नेली ती कुणाच्या अध्यात ना मध्यात. दुकानासमोरचा केर ती काढायची.

पण मग आम्ही करायचं काय, ते कुणी सांगत नाही.

हिल्सबरोकर

मी पोर्टलंडजवळ राहतो, ओरेगनमध्ये. इथे गेली काही वर्षं याच प्रश्नावरून लोक एकमेकांच्या उरावर बसलेत, म्हणून लिहितो.

आमच्याच राज्यात दक्षिणेला ग्रँट्स पास नावाचं गाव आहे, वस्ती चाळीस हजारांच्या आत. म्हणजे आपल्याकडचं तालुक्याचं ठिकाण. तिथे खटल्याच्या वेळी नियम असे होते: सार्वजनिक जागेत पांघरूण घेऊन झोपलं तरी २९५ डॉलर दंड. नाही भरला की तो वाढून ५३७ च्या वर. पुन्हा सापडलात की बागेत यायला बंदी, बंदी मोडली की घुसखोरीचा गुन्हा आणि ३० दिवसांपर्यंत तुरुंग. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. २८ जून २०२४ ला सहा विरुद्ध तीन असा निकाल लागला की हे नियम घटनेच्या विरोधात नाहीत. महिन्याभरात कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी तंबू हटवायचा आदेश काढला.

आता माझा अनुभव. आमच्या ऑफिसच्या रस्त्यावरचे तंबू गेले. मी खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. सकाळी सायकलने जाताना भीती वाटायची ती गेली. दोन आठवड्यांनी तेच निळे ताडपत्रीवाले तंबू मुलाच्या फुटबॉलच्या मैदानामागच्या ओढ्याकाठी दिसले. एक तर मी ओळखला, त्याच्या तंबूवर सांताची टोपी लावलेली होती.

इथे मी चर्चच्या स्वयंपाकघरात महिन्यातून एकदा वाढायला जातो. (तुमच्या भाऊंचा धंदा.) तिथला एकजण म्हणाला, दंडामुळे त्याचा पत-इतिहास बिघडला, त्यामुळे कुणी खोली भाड्याने देईना. खोली नसल्याबद्दल दंड, आणि दंडामुळे खोली नाही.

पण उलट बाजूही सांगितली पाहिजे. 'काहीच करू नका, राहू द्या' हेही आम्ही करून पाहिलंय. त्यानेही प्रश्न सुटला नाही. फुटपाथवर माणसं मेली.

पावसाळी_बेडूक

मग फिनलंड का नाही सांगत कुणी? तिथे आधी घर देतात, अटी नंतर. १९८७ मध्ये १८ हजारांवर बेघर होते, २०२३ मध्ये साडेतीन हजारांच्या आत आले.

जुना_खोडकर

बेडूकराव, फिनलंडची अख्खी लोकसंख्या ५५-५६ लाख. आपल्या ठाणे जिल्ह्यात त्याहून जास्त माणसं राहतात. शिवाय तिथे बाहेर झोपलं तर माणूस गोठून मरतो, म्हणून सरकारला घाई. आपल्याकडे हवामान सरकारच्या बाजूने आहे.

रात्रपाळी

मी एका बेघर निवाऱ्यात काळजीवाहक म्हणून काम करतो. शहराचं नाव नको. 'निवारे आहेत तर जात का नाहीत' हा प्रश्न मला रोज ऐकावा लागतो, तेव्हा एकदाच लिहून टाकतो.

पहिली गोष्ट, निवारे आहेत कुठे? सर्वोच्च न्यायालयाने लाख लोकसंख्येमागे एक, तोही शंभर माणसांचा, बारा महिने चोवीस तास चालणारा, असं सांगून पंधराएक वर्षं झाली. मुंबईची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १ कोटी २४ लाख. म्हणजे १२४ निवारे हवेत. त्याच जनगणनेने मुंबईत ५७ हजारांवर बेघर मोजले, आणि ज्यांनी ती मोजणी पाहिलीय ते सांगतील की एका रात्रीत टॉर्च घेऊन किती माणसं सापडतात. देशात तो आकडा १७ लाख ७० हजारांच्या घरात होता. निवाऱ्यांची संख्या १२४ च्या जवळपासही नाही.

दुसरी गोष्ट, जागा मिळाली तरी. मस्जिद बंदरचा हमाल पहाटे चारला माल उतरवायला लागतो. त्याचा निवारा दहा किलोमीटरवर असेल तर पहिली लोकल पकडून तो पोचेपर्यंत ट्रक रिकामा झालेला असतो. तो गोदामासमोरच झोपणार. वाढपी रात्री दीडला येतो, तेव्हा आमचं दार बंद. नवरा-बायको आणि दोन पोरं असं कुटुंब आलं की नवरा पुरुषांच्या निवाऱ्यात, बायको दुसरीकडे, आणि बारा वर्षांचा मुलगा कुठे घालायचा यावर आमची खरी भांडणं होतात. ते कुटुंब दुसऱ्या दिवशी पुलाखाली परत जातं. मी असतो तर मीही गेलो असतो.

तिसरी, बोचकं. ज्याला घर आहे त्याला हे कळत नाही. बेघर माणसाचं घर म्हणजे ते बोचकं. आमच्याकडे लॉकर आहेत वीस, माणसं ऐंशी. आणि गाडी येते तेव्हा पहिलं जातं ते हेच. मी पाहिलंय, आधार गेलेला माणूस पुन्हा आधार काढायला गेला की मोबाइल नंबर सांगा म्हणतात, मोबाइल बोचक्यात गेला. पत्त्याचा पुरावा आणा म्हणतात. आधार नाही म्हणून रेशन नाही, खातं उघडत नाही, ठेकेदार कामावर घेत नाही, आणि सरकारी दवाखान्यातही आधी कागद विचारतात. एक गाडी येऊन गेली की आम्हाला दीड-दोन वर्षांचं काम पुन्हा सुरू करावं लागतं. अटकेने प्रश्न सुटतो का विचारलंत, मी म्हणेन आमच्या हातातला प्रश्न दोन वर्षं मागे जातो.

सातारकर_मुंबईत

रात्रपाळी, बोचक्याचं तुम्ही लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. इस्त्रीवाल्याकडे भाऊंचा पांढरा शर्ट अजून आहे. तो म्हणाला, देऊन टाकावा असं वाटत नाही.

नागपुरी_संत्रं

आमच्याकडची गोष्ट ऐका. मार्च २०२३, जी-२० मधल्या सी-२० ची, म्हणजे नागरी संस्थांच्या गटाची, बैठक नागपुरात. भिंती रंगवल्या, झाडांना लाइटिंग केली, आणि पोलीस आयुक्तांनी कलम १४४ लावून सिग्नलवर, चौकात भीक मागायला बंदी. त्यावेळी आम्हीपण म्हटलं, वा. पाहुणे गेले. लाइटिंग काही दिवसांनी काढली. माणसं आपापल्या चौकात आली परत. लाइटिंगपेक्षा लवकर आली खरं तर.

गोदाकाठ

मी शिर्डीच्या बाजूचा. एप्रिल २०२५ मध्ये इथे भिक्षेकऱ्यांची मोहीम झाली, पन्नासच्या आसपास लोक उचलून श्रीगोंद्याच्या विसापूरच्या भिक्षेकरी गृहात नेले. त्यातले काही आजारी पडले म्हणून नगरच्या जिल्हा रुग्णालयात आणले, आणि त्यात चौघे दगावले. पुढे आरोप-प्रत्यारोप, चौकश्या झाल्या, त्यात मी पडत नाही.

मोहिमेच्या आधी गावात बहुतेक लोक खूश होते हे मात्र लिहितो, मीही होतो. भाविकांना त्रास होतो, गर्दुल्ले वाढले, हे सगळं खरं होतं. चौघे गेल्यावर बाजारात दोन दिवस कुणी त्या विषयावर बोलेना. मग हळूहळू लोक म्हणायला लागले, तसेही ते मरणारच होते. मला ते वाक्य जास्त लागलं.

सिस्टर_नाइटड्यूटी

गोदाकाठ, आजारी माणसाला पोलीस मोहिमेत उचलायचंच नसतं, हा मुद्दा कुणी मांडत नाही. रस्त्यावर फिरणाऱ्यांत मानसिक आजारी बरेच असतात. त्यांच्यासाठी वेगळा कायदा आहे, २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा. त्याच्या कलम १०० प्रमाणे असा माणूस भटकताना दिसला तर ठाणे अंमलदाराने त्याला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं आहे. आणि त्याला कोठडीत ठेवायचं नाही, हेही त्यात स्पष्ट आहे. पण आमच्या वॉर्डात असा माणूस आणला की शिपाई पहिलं विचारतो, सही कुठे करू आणि मी जाऊ का.

कर्जतला श्रद्धा पुनर्वसन केंद्र आहे, डॉ. भरत वाटवानींचं, २०१८ ला त्यांना मॅगसेसे मिळालं. ते रस्त्यावरून माणूस नेतात, औषध देतात, आणि तो भानावर आला की गाव विचारून घरी पोचवतात. कित्येकांची घरं असतात हो! आई दहा वर्षं वाट बघत असते. उचलणं तेही करतात आणि पोलीसही. उचलून कुठे नेता, यात सगळं आलं.

काळा_कोट

सिस्टर, सहमत. भिक्षेकरी गृहाचा हेतूही कागदावर पुनर्वसनाचाच आहे, काम शिकवायचं, मेहनताना द्यायचा. मेहनताना किती होता माहितीये? महिन्याला ५ रुपये. १९६० च्या दशकातला दर. तो २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बदलून दिवसाला ४० रुपये केला. साठ वर्षं पाच रुपये! शिक्षा संपवून बाहेर पडणारा माणूस खोलीचं डिपॉझिट कशातून भरणार होता?

मूळ प्रश्नावर एक जुनी गोष्ट सांगून थांबते. १९८१ च्या जुलैत मुख्यमंत्री अंतुले यांनी जाहीर केलं की मुंबईच्या फुटपाथवरच्या लोकांना हटवून आपापल्या गावी पाठवायचं. भर पावसात झोपड्या तोडल्या, बसमध्ये घातलं. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही फुटपाथवासी कोर्टात गेले. १० जुलै १९८५ ला सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच जणांच्या पीठाने निकाल दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे तिथे पहिल्यांदा इतकं स्वच्छ आलं. कारण साधं होतं, माणूस फुटपाथवर राहतो कारण काम तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. फुटपाथ सुटला की काम सुटतं.

पण लोक अर्धाच निकाल सांगतात. फुटपाथवर राहण्याचा हक्क त्याच निकालाने दिलेला नाही. नोटीस द्या, पावसाळा संपू द्या, मग काढा, असं म्हटलंय. त्यामुळे किराणा, कायद्यात तुमचीही बाजू आहे, निराश होऊ नका. तो निकाल झोपड्या बांधून राहणाऱ्यांचा होता, उघड्यावर झोपणाऱ्याकडे तोडायलाही काही नसतं, म्हणून त्याला नोटीससुद्धा येत नाही.

(पुढे २०२१ मध्ये करोनाच्या नावाखाली सिग्नलवरचे भिकारी हटवा अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात आली, तेव्हा अशी उच्चभ्रू भूमिका आम्ही घेणार नाही म्हणणाऱ्या खंडपीठावर य. वि. चंद्रचूड यांचेच चिरंजीव होते. योगायोग.)

जुना_खोडकर

भायखळ्याचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. तिथल्या फुटपाथवरच्या बायकांनी १९८६ पासून महिला मिलन नावाने संघटना केली, रोज रुपया-दोन रुपये बचत, स्वतःच स्वतःची मोजणी, घराचा नकाशाही लुगडी टांगून आखलेला. त्यातल्या अनेकींना मानखुर्दला पक्की घरं मिळाली. फुटपाथ रिकामा झाला, एकही अटक न होता. वीस वर्षं लागली पण.

किराणा_भुसार

वीस वर्षं माझ्याकडे नाहीत, पण वाचतोय.

एक विचारतो. आमच्या व्यापारी संघाने पत्र लिहायचंच झालं तर 'गाडी पाठवा' ऐवजी काय लिहायचं? टोमणा नाही, खरंच विचारतोय. सोमवारी मीटिंग आहे.

रात्रपाळी

किराणाशेठ, तीन गोष्टी मागा. रात्री चालू राहणारं सुलभ शौचालय, तुमच्या पायरीचा निम्मा त्रास तिथेच जाईल. (पैसे देऊन वापरायचं असेल तर रात्री बेघरांना फुकट, नाहीतर उपयोग नाही.) बटण विकणाऱ्यावर कारवाई, त्याला अमली पदार्थांचा कायदा आहे आणि विकणारा कोण ते तुमच्या गल्लीतल्या पानवाल्यालाही माहीत असतं. आणि वॉर्डात निवारा, पण बाजाराजवळ, शहराबाहेर नाही. निवारा आपल्या वॉर्डात नको म्हणून पहिली सही व्यापारी संघाचीच असते, ती तेवढी करू नका.

किराणा_भुसार

शेवटची अट जड आहे. बघतो.

हवालदार_रिटायर्ड

पानवाल्याला विचारा म्हणजे पोलिसांनाही माहीत असतं, असं म्हणायचंय ना? बरोबर आहे. असतं.

पावसाळी_बेडूक

धागाकर्त्या ताई, सभेचं काय झालं?

सातारकर_मुंबईत

झाली सभा. ठराव पास झाला नाही आणि पडलाही नाही, 'पुढच्या सभेपर्यंत स्थगित'. सेक्रेटरींना पार्किंगचा विषय जास्त महत्त्वाचा होता. 'तुमच्या घरी न्या' वाले काका सभेनंतर बाजूला येऊन म्हणाले की त्यांचे सासरे म्हातारपणी डोक्यावर परिणाम होऊन घरातून निघून गेले होते, बावीस दिवसांनी सोलापूर स्टेशनवर सापडले. मग काहीच न बोलता लिफ्टमध्ये गेले.

भाऊंशी बोलले. पहिले दोन दिवस उठून निघून गेले. तिसऱ्या दिवशी चहा घेतला.

रात्रपाळी, कागदांची सुरुवात कुठून करू?

रात्रपाळी

माझ्या अनुभवाने मतदार ओळखपत्रापासून. बेघराला मतदार होता येतं, फॉर्म ६ भरायचा. पत्त्याचा पुरावा लागत नाही. जिथे झोपतो ती जागा लिहायची आणि बीएलओ (मतदार यादीचं काम बघणारा कर्मचारी) रात्री येऊन बघतो की माणूस खरंच तिथे झोपतो का. एकदा नाही, एकाहून जास्त रात्री. तेव्हा भाऊंना सांगा, ते होईपर्यंत जागा बदलू नका. आणि गाडी येणार नाही एवढं बघा, नाहीतर एक साहेब झोपलेला सापडावा म्हणून रात्री येणार आणि दुसरा झोपलेला सापडला म्हणून पहाटे नेणार.

सातारकर_मुंबईत

काल फॉर्म भरला. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख अंदाजे. पत्त्याच्या रकान्याशी येऊन आम्ही दोघं थांबलो. मी म्हटलं, उड्डाणपुलाखाली लिहू? भाऊ म्हणाले, तसं नको, साहेबाला रात्री सापडणार नाही, तिकडे पलीकडच्या बाजूलाही लोक असतात. मग स्वतः उठून खांब मोजून आले. 'तिसरा आणि चौथा खांब यांच्यामध्ये, इस्त्रीवाल्याच्या टपरीसमोर' असं लिहिलंय.